गुरुजी त्या, मी शिऱ्याचा

निवृत्त पुणेकराला दोन गोष्टींचं वावडं असतं. एक म्हणजे रिकामं बसणं, आणि दुसरं म्हणजे आपण रिकामे बसलोय हे शेजाऱ्याला कळणं. म्हणून कुणी रोज पर्वती चढतो, कुणी हास्यक्लबात जाऊन सकाळी सकाळी विनोद झालेला नसताना हसतो, कुणी ज्येष्ठ नागरिक संघाचा खजिनदार होतो आणि चौदा रुपयांचा हिशेब लागत नाही म्हणून वार्षिक सभा पुढे ढकलतो. आमच्या हिने पौरोहित्याचा वर्ग लावला.

पुण्यात बाईने पूजा सांगणं ही आता बातमी राहिलेली नाही. सत्तरच्या दशकात थत्ते मामांनी उद्यान मंगल कार्यालयात बायकांना पौरोहित्य शिकवायला घेतलं, तेव्हा पेठांमधल्या भुवया बऱ्याच वर गेल्या होत्या. त्या यथावकाश खाली आल्या. पुढे सदाशिव पेठेतल्या ज्ञान प्रबोधिनीनेही, म्हणजे १९६२ साली अप्पा पेंडशांनी काढलेल्या संस्थेने, स्त्री-पुरुष आणि जातपात न बघता पुरोहित तयार केले. त्यांची रीत अशी की मंत्र म्हणायचा, त्याचा अर्थ मराठीत सांगायचा आणि जमलेल्या सगळ्यांकडून म्हणून घ्यायचा. जन्मभर शाळेत शिकवलेल्या बाईला आणखी काय हवं? यजमान म्हणजे वर्ग, चौरंग म्हणजे टेबल, आणि मागे कुजबुजणारे पाहुणे म्हणजे शेवटचा बाक.

अडचण एकच होती. पुण्यात पुरोहितांना तोटा नाही आणि यजमानांना वेळ नाही. 'पूजा चाळीस मिनिटांत आटपेल ना?' असं विचारणाऱ्याला अर्थ सांगत बसणाऱ्या गुरुजी कशाला हव्यात? तेवढ्यात न्यू जर्सीतल्या एडिसनहून मुलीचा फोन आला. तिने मैत्रिणींना सहज सांगितलं होतं, "आई पूजा सांगते." आमची विमानाची तिकिटं निघायच्या आधीच तिकडे शनिवार भरले होते.

दीडशे वर्षांपूर्वी हा उलटा प्रवास कुणाला पटला नसता. तेव्हा मिशन म्हटलं की ते तिकडून इकडे यायचं. गुरुवार पेठेतल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये १८९० च्या ऑक्टोबरात पुण्यातली बडी मंडळी व्याख्यानाला गेली, आणि व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं पुढे आली. लोकमान्य होते, न्यायमूर्ती रानडे होते. हा घाट घातला होता गोपाळराव जोशांनी, म्हणजे आनंदीबाईंच्या यजमानांनी. ज्यांची बायको डॉक्टर होण्यासाठी समुद्र ओलांडून अमेरिकेला जाऊन आली, त्या गृहस्थाला एका कपाने पुणं कसं ढवळतं ते बघायचं होतं. 'पुणेवैभवा'त नावं छापून आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतलं, तर सुधारक मंडळी त्यांच्यावरच रुसली. एका चहावर पुण्याने दोन वर्षं काढली. आता त्याच पुण्यातली बाई पोथी, पळी आणि पंचपात्री घेऊन सातासमुद्रापार निघाली होती, आणि ती बॅग उचलायला मी होतो.

तिकडच्या विमानतळावर बॅग उघडली गेलीच. अधिकाऱ्याने सुपाऱ्यांची पुडी बाहेर काढली.

"हे काय?"

"गणपती," ही म्हणाली.

"सगळे?"

"छे! गणपती ही एक. हे नवग्रह. आणि अष्टदिक्पाल त्या दुसऱ्या पुडीत आहेत."

त्याने एक सुपारी उचलून प्रकाशात धरली. "हा कोणता ग्रह?"

"अजून कुठलाच नाही. मांडल्यावर ठरतं."

त्याने क्षणभर हिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नवऱ्यांना नवऱ्यांची नजर कळते. त्याने सगळे ग्रह परत केले.

पहिल्याच घरी माझी पदोन्नती झाली आणि लगेच पदावनतीही. दार उघडताच तरुण यजमान 'या गुरुजी' म्हणत माझ्या पायाशी वाकला. मी पांढरा झब्बा घातला होता, डोक्यावर केस नव्हते. म्हणजे पात्रता पुरेशी होती. मी म्हटलं, "गुरुजी त्या. मी शिऱ्याचा." तो तसाच अर्ध्यात वाकलेला हिच्याकडे वळला. पुढे हे वाक्य मला इतक्या दारांत म्हणावं लागलं की लोक मला 'शिऱ्याचे काका' म्हणून ओळखायला लागले. बँकेत एवढी वर्षं काढली, पण इतकी निर्विवाद ओळख मला तिथे कधी मिळाली नव्हती.

पूजेतली पहिली अडचण संकल्पाची. संकल्पात आपण कुठे बसलोय ते देवाला सांगायचं असतं. पुण्यात काही प्रश्न नाही. दंडकारण्य आणि गोदावरीचा दक्षिण तीर म्हटलं की देव बरोबर कोथरूडला पोचतो. एडिसनमध्ये काय सांगायचं? देवाला चुकीचा पत्ता देणं हिला मंजूर नव्हतं. मग जावयाने फोनवर नकाशा उघडला. गाव रॅरिटन नदीच्या उत्तरेला आहे असं निघालं. हिने रॅरिटनच्या उत्तर तीरावर संकल्प सोडला. एवढं सोवळं बिरुद त्या नदीला मिळालं, तिला खबरही नसेल.

दुसरी अडचण तिथीची. ही सोलापूरचं दाते पंचांग घेऊन गेली होती. चंद्र सूर्यापासून बारा अंशांनी पुढे सरकला की एक तिथी होते. त्यामुळे तिथी जगभर एकाच क्षणी लागते, घड्याळं तेवढी निराळी. उन्हाळ्यात न्यू जर्सी आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. हिने वहीत वजाबाक्या करून चतुर्थी नेमकी किती वाजता लागते ते काढलं आणि मुलीला दाखवलं. मुलगी म्हणाली, "आई, इथे चतुर्थी शनिवारी असते. एकादशीही शनिवारी असते. पौर्णिमेला हॉल मिळाला नाही तर ती पुढच्या शनिवारी जाते."

तिसरी अडचण दूर्वांची. पुण्यात मंडईबाहेर जुडी मिळते आणि आपण तिच्यातही दोन काड्या कमी असल्याचं सांगतो. तिकडे घरोघरी हिरवळ आहे, पण ती शोभेची, वेगळ्या जातीची. आपली दूर्वा म्हणजे हरळी. ती कुणाच्या अंगणात चुकून उगवलीच, तर तण म्हणून तिच्यावर औषध मारतात. एकदा आम्हाला फुटपाथच्या फटीत ती सापडली. मी गुडघे टेकून एकेक तीन पानांची काडी खुडत होतो आणि ही पिशवी धरून उभी होती. समोरच्या घरातून एक गोरे आजोबा बाहेर आले. त्यांना वाटलं, मी त्यांच्या फुटपाथचं तण काढतोय. त्यांनी आत जाऊन मला गार लिंबूपाणी आणून दिलं. एकवीसचा हिशेब पूर्ण होईपर्यंत मी दोन ग्लास प्यायलो.

एडिसन या गावाला थॉमस एडिसनचं नाव आहे. त्याची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा याच गावच्या हद्दीत होती आणि १८७९ साली त्याने विजेचा दिवा तिथेच पेटवून दाखवला. त्याच गावात समई लावली, उदबत्ती ओवाळली आणि कापूर पेटवला की छतावरचा धुराचा भोंगा केकाटायला लागतो. त्यामुळे आरतीच्या वेळी मला दुसरं पद होतं. मी खुर्चीवर उभा राहून ताटाने त्या भोंग्याला वारा घालायचो. खाली लोक टाळ्या वाजवून आरती म्हणायचे. देवाकडे पाठ, तोंड भोंग्याकडे आणि हातात रिकामं ताट, अशा अवस्थेत मी पुष्कळ पुण्य गाठीला बांधलं.

एका घरी यजमानीणबाईंनी आधीच कळवलं होतं की आम्ही व्हीगन आहोत. ही म्हणाली, "चालेल. पंचामृताचं बघू." मग तिने यादी काढली. दूध गेलं, दही गेलं, तूप गेलं. मध मधमाश्यांचा, म्हणजे तोही गेला. पंचामृतातली साखर तेवढी राहिली. बाई म्हणाल्या, "बदामाचं दूध आहे की, काकू." ही शांतपणे म्हणाली, "असू दे. देवाला आज साखर-पाणी. त्याची मधुमेहाची तक्रार माझ्या तरी कानावर आलेली नाही." त्या दिवशी शिरा मी नारळाच्या तेलात केला. चव कशी होती ते विचारू नका. प्रसाद आहे म्हटल्यावर लोक तक्रार करत नाहीत, हा या खात्यातला मोठा फायदा.

शिऱ्याबाबत मात्र मी तडजोड करत नसे. रवा, साखर, तूप सव्वाच्या मापात, त्यात केळं. रवा मंद आचेवर खमंग व्हायला हवा. पण तिथल्या विजेच्या शेगडीला मंद म्हणजे काय ते कळत नाही. ती आधी थंड असते आणि नंतर एकदम तापट होते. मी कढई उचलून धरायचो, परत ठेवायचो, परत उचलायचो. वेट ट्रेनिंग म्हणून जावई जे पैसे भरून करतो, ते मी फुकट केलं.

खरी परीक्षा कथेत असायची. सत्यनारायणाच्या कथेत कलावती प्रसाद न घेताच नवऱ्याला भेटायला धावते आणि देव तिच्या नवऱ्यासकट नाव बुडवतो. एका मुलाने हात वर केला. "पण आजी, फक्त प्रसाद विसरली म्हणून? धिस इज नॉट फेअर." सगळे मोठे मोबाईलमध्ये तोंड घालून बसले. ही म्हणाली, "तू घाईघाईत डबा विसरून शाळेत गेलास की आई काय करते?" तो म्हणाला, "ओरडते." "तसंच. देवाचा आवाज जरा मोठा आहे." मुलगा विचारात पडला, पण प्रसाद मात्र त्याने पहिला घेतला.

सगळ्यात जोरदार सामना झाला तो एका गृहप्रवेशाला. यजमानाने लॅपटॉप चौरंगासमोर ठेवला होता आणि त्यात पुण्याहून त्याच्या आई बसल्या होत्या. इकडे सकाळचे दहा, तिकडे संध्याकाळचे साडेसात. ही कलश मांडत होती, एवढ्यात लॅपटॉप कडाडला, "नारळाची शेंडी वर हवी!" ही म्हणाली, "वरच आहे. तुमचा कॅमेरा तिरका आहे." "कॅमेरा सरळ आहे, चौरंग तिरका आहे." मग दोघींचं शाळेपासून सुरू झालं. एक नूमवितली, एक हुजूरपागेतली. यजमान हातात अक्षता धरून ताटकळला होता. त्याची बायको माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काका, बरं वाटलं हो. इतके दिवस ही बोलणी एकट्या मलाच बसत होती."

तेव्हा मला या मिशनचं गमक कळलं. त्या पोरांकडे सगळं असतं. पेणचा गणपती येतो, विड्याची पानं मिळतात, गोठवलेलं खोबरं मिळतं, मोदकाचा साचा मिळतो. दुकानात मिळत नाही ते म्हणजे हक्काने दटावणारं माणूस. 'पाय जवळ घे', 'डाव्या हाताने नाही', 'आधी देवाला, मग फोटोला' हे सांगणारं. पुण्यात असली माणसं प्रत्येक जिन्यात दोन असतात आणि कुणाला नको असतात. मग जिथे टंचाई आहे तिथे थोडा माल पाठवला, तर बिघडलं कुठे?

दक्षिणेचा प्रश्न सोपा होता. पाहुण्याच्या व्हिसावर कमाई चालत नाही, आणि ही घेतही नाही. त्यामुळे लोक वस्तूंवर यायचे. घरात बदामांच्या पिशव्या साठल्या, परसातली झुकिनी साठली. झुकिनीचं थालीपीठ, झुकिनीची कोशिंबीर, झुकिनीचं भरीत. जावई शेवटी म्हणाला, "आई, पुढच्या पूजेला रोख घ्या, वकिलाचं मी बघतो."

सोमवार ते शुक्रवार मिशनला सुट्टी, कारण मिशनकडे गाडी नव्हती. मग आम्ही दोघं उद्यानात जायचो. तिथे बाकावर साडीवर स्वेटर आणि पायात नातवाचे जुने बूट अशी इतर प्रांतांची मिशनं बसलेली असत. गुजराती बा मंदिरात भजन बसवत होत्या. तेलुगू आजोबा शेजारच्या मुलांना विष्णुसहस्रनाम शिकवत होते. कुणाला कुणाची भाषा धड येत नसे, पण गुडघ्याचं दुखणं सर्वांना समजत होतं. कढीपत्त्याची देवाणघेवाण व्हायची. आमची झुकिनी मात्र तिथेही कुणी घेईना.

आता आम्ही पुण्यात परत आलोय. परवा जिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. "वास्तुशांत आहे हो, कुणी चांगले गुरुजी आहेत का ओळखीत?" ही त्यांच्यासमोरच भाजीची पिशवी घेऊन उभी होती. ही म्हणाली, "आहेत. पण शनिवारी मिळणार नाहीत."

आणि खरंच मिळत नाहीत. दर शनिवारी संध्याकाळी साडेसातला ही लॅपटॉपसमोर बसते आणि रॅरिटनच्या उत्तर तीरावर कुणाची तरी शेंडी सरळ करवते. मीही माझ्या खात्यावर हजर असतो. पूजा ऑनलाइन होते, कथा ऑनलाइन होते, ओरडणं तर फारच छान होतं. शिरा तेवढा अजून तारेतून जात नाही. म्हणून मी इथे सव्वा वाटीचा करतो, यजमानांना पडद्यावर दाखवतो आणि त्यांच्या वतीने खातो. परवा डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं. मी म्हटलं, "माझी नाही हो, न्यू जर्सीची आहे."