अंगठी दोघांची, यादी सगळ्यांची

लग्नाच्या याद्यांमध्ये मुलामुलीला विचारून ठरवायची गोष्ट एकच उरली आहे, ती म्हणजे अंगठी. कार्यालय वडिलांनी धरलं, बस्ता आत्याने बांधला, पंगतीतलं गोड मामांनी ठरवलं. अंगठी मात्र, "तुमची तुम्ही पसंत करा बाबा, घालायची तुम्हाला आहे." आणि एवढं बोलून घरचे नऊ जण त्या दोघांच्या मागे दुकानात शिरतात.

दोघांनी खरं तर अंगठी महिन्यापूर्वीच फोनवर पसंत केलेली असते. आजची फेरी मंजुरीसाठी. आमच्या छत्रपती संभाजीनगरात शहागंजजवळच्या सराफ्यात चहा येतो, जालना रोडच्या शोरूममध्ये कोल्ड्रिंक. बाकी प्रयोग तोच. मुलगी म्हणते, "दोघांची सारखी दाखवा." काउंटरवरचा पोरगा कपल रिंगचा ट्रे पुढे सरकवतो. नक्षी अगदी सारखी. त्याची सहा ग्रॅम, तिची अडीच.

"पुरुषाच्या बोटात भरीव दिसायला पाहिजे," असं मुलाची आत्या म्हणते. मुलाची अंगठी मुलीच्या वडिलांच्या खिशातून येते आणि मुलीची मुलाकडून, हे लक्षात ठेवलं की आत्याचं सौंदर्यशास्त्र लगेच उलगडतं. हुंडाबंदीचा कायदा १९६१चा. तेव्हापासून आमच्याकडे हुंडा कुणी घेत नाही, मान घेतात. मान ग्रॅमवर मोजतात. एप्रिल २०२५मध्ये सोन्याने दहा ग्रॅमला लाखाचा आकडा ओलांडला, त्यानंतर "पोराला तोळ्याची अंगठी तर घालालच ना" हे वाक्य मुलाकडचे पंख्याकडे बघत म्हणू लागले, एवढाच काय तो संकोच.

मग मुलगी हळूच हिऱ्याची, १८ कॅरेटची अंगठी मागते. मागणी रास्त आहे; २२ कॅरेट सोनं मऊ, खडा घट्ट धरायला १८ बरं. पण १८ म्हणजे पाऊण सोनं, आणि हे आजीला सांगावं लागत नाही. ती थेट विचारते, "मोडताना किती येतील?" सोयरीक जुळायच्या आधीच मोडीचा भाव विचारायची हिंमत आजीचीच. दुकानभर त्यावर सगळ्यात कमी बोलतो तो सराफ. घडणावळ परत मिळत नसते आणि हिऱ्याला मोडीत फारसं कुणी विचारत नाही, हे त्याला ठाऊक असतं.

इकडे मामांनी भिंग मागवलेलं असतं. १ एप्रिल २०२३पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी नसेल तर तो विकता येत नाही. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की हॉलमार्क कुणी करून घेतला, शुद्धता किती, तपासणी कुठे झाली, सगळं समोर येतं. मामा ९१६ तीनदा वाचतात. मुलाचं पॅकेज मात्र तोंडीच चाललं होतं. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही; घासाघीस करता करता तिची अंगठी कशी त्या रेषेकडे सरकत जाते, तेही भिंगाखाली घेण्यासारखं आहे.

आतून काय कोरायचं? नावं आणि तारीख. गावाचं नावही हवं, असा हट्ट करणारे भेटतात. पण आता आपल्या गावाचं पूर्ण नाव कोरायचं तर अंगठीऐवजी कडंच करावं लागेल. प्री-वेडिंगचे फोटो अर्थात बीबी का मकबऱ्यासमोर. त्याच मकबऱ्याचा खर्च गुलाम मुस्तफाच्या 'तारीखनाम्या'त ६,६८,२०३ रुपये आणि वर सात आणे असा लिहिलेला आहे. बेगमेच्या कबरीवरचे सात आणे ज्या गावाने विसरू दिले नाहीत, तिथे व्याही बिलावरचा तीन टक्के जीएसटी कुणाच्या वाट्याला यावर अर्धा तास बसले, तर नवल कसलं?

कायदा या सगळ्याकडे ढुंकूनही बघत नाही. हिंदू विवाह कायदा सप्तपदीचं सातवं पाऊल मोजतो. १९५४च्या विशेष विवाह कायद्याला तीन साक्षीदार लागतात. अंगठी दोन्हीकडे नाही. हे दुकानात कुणी बोललं, तर त्याला बाहेर गाडी बघायला पाठवतात.

शेवटी अंगठ्या ठरतात, मापं घेतात. साखरपुडा थंडीत, तेव्हा बोटं बारीक. लग्न मे महिन्यात. मराठवाड्याच्या उन्हात बोट फुगतं आणि भर मांडवात अंगठी पेरापाशी अडते. पुढे सासुरवाडीचा पाहुणचार सुरू होतो, मग उन्हाची गरजच राहत नाही. साधी वळ्याची अंगठी असती तर ताणून वाढली असती. खड्याची, नक्षीची असली की मधे जोड द्यावा लागतो, म्हणजे वाढीव सोनं आलं. ते कुणी घालायचं, हे नेमकं याद्यांमध्ये राहून गेलेलं असतं. जावईबापू काही बोलत नाहीत, नुसते बोट चोळत बसतात. दिवाळसण पंधरा दिवसांवर आलेला असतो.