मात्राकाका

मैफलीत कुणी डोळे मिटून ऐकतो, कुणी गवय्याच्या तोंडाकडे बघत ऐकतो. मात्राकाका स्वतःच्या तळहाताकडे बघत ऐकतात. अंगठा करंगळीच्या बुडापासून निघतो, तीन पेरं आणि एक टोक अशा चार मात्रा उरकतो, मग पुढचं बोट. चार बोटं, सोळा मात्रा, झाला त्रिताल. अंगठा करंगळीच्या बुडाशी परतला की समेवर मान हलते. त्या क्षणी गाणाऱ्याची सम आली नसेल, तर गाणारा चुकला. लहानपणी पार्ल्यात तबल्याच्या शिकवणीला जात असत. तबला सुटला, मोजणं राहिलं.

असल्या माणसानं जॅझच्या वाटेला जाऊच नये. पण १९७८ साली निरंजन झवेरी आणि मंडळींनी मुंबईत ‘जॅझ यात्रा’ सुरू केली, सनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनवाला धोबीतलावच्या रंगभवनात वाजवून गेला, आणि काका जे शिरले ते रंगभवनातल्या मैफली बंद पडेपर्यंत तिथलेच झाले. आवड म्हणाल तर तसं नाही. आपला माल कुठे कुठे गेलाय त्याची ते पाहणी करायला येत. ‘‘कोल्ट्रेननं पोराचं नाव रवी का ठेवलं? आपल्या रविशंकरांवरून! संपलं की मग.’’ त्रिलोक गुर्तू ड्रमच्या ताफ्याशेजारी पाण्याची बादली ठेवतो आणि वाजती झांज तीत बुडवतो, हे कुणीतरी कौतुकानं सांगितलं. काका म्हणाले, ‘‘बादली त्याची. लय शोभाताईंची.’’ शोभा गुर्तूंचा मुलगा म्हटल्यावर यावर कुणाला काही बोलता येईना.

रंगभवन उघडं. वर आकाश, बाजूला झेव्हियर्स कॉलेज, अंगावर हिवाळ्यातली मुंबईची ती लाजरी थंडी. काका मफलर बांधून दुसऱ्या रांगेत. शेजारी नेहमी एक गोवेकर म्हातारे असत, सिनेमाच्या वाद्यवृंदात ट्रम्पेट वाजवून निवृत्त झालेले. हिंदी सिनेमाच्या संगीतातली निम्मी हार्मनी गोव्याच्या माणसांनी कागदावर उतरवलेली आहे, पण त्याबद्दल ते चकार शब्द काढत नसत. नुसता पाय हलवायचे, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. जॅझमध्ये जोर तिथेच असतो. काकांना हे बघवत नसे. ‘‘अहो, समेवर टाळी द्या! सम सोडून बाकी सगळीकडे ठोकताय!’’

‘‘पात्रांव, कित्याक मेजता रे? आयक मरे!’’

काका मोजतच राहत. एका बँडनं ‘टेक फाइव्ह’ सुरू केलं, तेव्हा तर चेहरा उजळला. ‘‘पाच! म्हणजे अर्धा झपताल!’’ दोन आवर्तनांनी भुवई चढली. झपतालात आधी दोन, मग तीन. इथे आधी तीन, मग दोन. ‘‘अर्धा झपताल आहे, पण उलटा नेलाय. नेताना घाई झाली असणार.’’

लुई बँक्सचा पियानो, ब्राझ गोन्साल्विसचा सॅक्सोफोन आणि रमामणींचा कर्नाटकी गळा असा मेळ जमे, तेव्हा काकांना स्वर्ग दोन बोटं उरे. पण तेव्हाही आनंद पुरा मिळत नसे, कारण मागच्या रांगेतली माटुंग्याची मंडळी मांडीवर ताल देत, आणि ती खरोखर बरोबर असत. काकांचा अंगठा अनामिकेवर असताना मांडीवर सम पडली, की ते मागे वळून बघत आणि मफलर सारखा करत.

एका रात्री शेवटचा बँड युरोपातला होता. दोन ड्रमवाले, एक बाई व्हायोलिन घेऊन, एक सॅक्सोफोन आणि एक तरुण, जो काय वाजवत होता ते अखेरपर्यंत कळलं नाही. टेबलावर पेटीसारखं काहीतरी होतं आणि त्यातून दार करकरल्यासारखा आवाज येई. ठेका नाही. स्वराला घर नाही. ऑर्नेट कोलमननं १९६० साली दोन चौकड्या एकदम बसवून ‘फ्री जॅझ’ नावाची तबकडी केली, त्याच वाटेवरचं हे. काकांचा अंगठा करंगळीच्या बुडाशी जाऊन तयारीत बसला. तिथेच बसून राहिला. मग धीर करून एक पेर चढला, परत उतरला. सगळा हात हवेत धरून काका वाट बघत होते. लांबून बघणाऱ्याला वाटावं, आशीर्वाद देतायत. शेजारच्यांचा पायदेखील थांबला होता, पण ते खुशीत हसत होते.

‘‘सोळाचाच आहे,’’ काका दात आवळून म्हणाले. ‘‘विलंबित आहे. अतिविलंबित.’’

‘‘ताल ना रे ताका!’’

‘‘तालाशिवाय माणूस वाजवू शकत नाही हो! मी विचारून येतो.’’

आणि खरंच गेले. बँड उतरला तसे रंगमंचाच्या कडेला जाऊन त्यांनी घामानं निथळणाऱ्या उंच ड्रमवाल्याला गाठलं. काकांचं इंग्रजी बँकेतलं. ड्राफ्ट, ओव्हरड्राफ्ट यापलीकडे जायला तयार नसलेलं. त्यांनी खुणेनं विचारलं. बोटं हलवून दाखवली, अंगठा पेरापेरावर नाचवला, करंगळी झाली, आणि पुढचा प्रश्न विचारायला पंजा उघडून वर धरला. ड्रमवाल्याला एकदम आनंद झाला. त्यानं आपला भला मोठा पंजा उचलला आणि काकांच्या तळहातावर फाडकन टाळी दिली.

काका हात चोळत परत आले. चेहऱ्यावर विजय.

‘‘चार मोजून दाखवल्या. पाचवीवर त्यानं स्वतः टाळी दिली. पाचवीवर टाळी कशात असते?’’

गोवेकरांनी मान हलवली, माहीत नाही म्हणून.

‘‘त्रितालात!’’ काका मफलर सोडत म्हणाले. ‘‘आता फक्त खाली कुठे आहे ते विचारायचं राहिलं.’’