माटुंग्याचे मानद यजमान

प्रस्तुत लेखक राहतो डोंबिवलीला, पण परगावचा पाहुणा आला की त्याला मिरवायला नेतो माटुंग्याला. आणि नेतो अशा थाटात, की किंग्ज सर्कलची इनामदारी याच्याच पणजोबांकडे असावी. कॅफे मद्रासच्या दाराशी नावं लिहून घेणाऱ्या माणसाकडे बघून हा लांबूनच ओळखीचं हसतो, तो माणूस वर न बघता "किती जण?" एवढंच विचारतो. मग फुटपाथवर ताटकळताना व्याख्यान सुरू होतं. हे १९४० सालचं, स्टेशनाजवळचं राम आश्रय १९३९चं, सर्कलवरचा कूलर इराणी १९३२चा, आणि तिथलं रेसलर ऑम्लेट एकट्याने संपवणं हे लेच्यापेच्याचं काम नाही. (लेखकाने ते आजवर फक्त दुसऱ्याच्या बशीत पाहिलं आहे.)

लेखकाच्या लहानपणी घरात कोल्हापूरच्या खालचे सगळे 'मद्रासी' असत. माटुंग्यात हा हिशेब पहिल्याच बशीला फिसकटतो. कॅफे मद्रासवाले कामत कर्नाटकच्या किनाऱ्याकडचे, त्यांच्याकडचा नीर डोसाही तिकडचाच. शेजारच्या टेबलावरचं कुटुंब पालक्काडचं, म्हणजे केरळातलं, पण घरात तमिळ बोलणारं. १८९६च्या प्लेगनंतर मुंबईला मोकळी हवा हवीशी झाली, इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याकडे आखीव रस्ते आणि प्लॉट पाडले, आणि टायपिंग-शॉर्टहँड शिकून दक्षिणेतून आलेल्या कारकुनांनी तिथे बिऱ्हाडं केली. त्यांच्या पोटाची सोय बघायला उडुपीकर आले. कच्छी आले, गुजराती आले. बाजारात आजही शेवग्याच्या शेंगा विकणारा उत्तर प्रदेशचा, घेणारी पाटी, म्हणजे तमिळ आजी, तिरुनेलवेलीची, भाव तमिळमध्ये, घासाघीस हिंदीत आणि शेवटचं "जाऊ दे हो" मराठीत.

आता सांबार. इथे लेखकाला कोणी आवरू नये.

टेबलावर वाटी आली, की हा खाकरतो आणि पाहुण्याला विचारतो, "हे कुणाचं, ठाऊक आहे?" पाहुणा बिचारा वेटरकडे बघतो. मग तंजावरचं मराठी राज्य निघतं. व्यंकोजीराजांचे चिरंजीव शहाजीराजे, १६८४ साली गादीवर आलेले, स्वयंपाकाचे मोठे शौकीन. एकदा चुलतभाऊ छत्रपती संभाजीराजे पाहुणे म्हणून आले. आमटीला आमसूल हवं, तर मुदपाकखान्यात आमसूल संपलेलं. कोणीतरी सुचवलं, चिंच घाला. झालं! आमटी फक्कड जमली आणि पाहुण्याच्या नावाने प्रसिद्ध झाली. ही गोष्ट लेखक इतक्या तपशिलाने सांगतो, की आमसुलाचा रिकामा डबा त्याने स्वतः पालथा करून पाहिला असावा. या गोष्टीला कागदाचा आधार नाही, हे त्याला माहीत आहे. १६८४ ते १६८९ या पाच वर्षांत औरंगजेब दख्खनेत ठाण मांडून बसलेला असताना संभाजीराजांना तंजावरला आमटी चाखायला जायची सवड कुठून मिळाली असेल, हेही त्याला अधूनमधून टोचतं. शिवाय तमिळ घरात चिंच त्याच्या कितीतरी आधीपासून होती. पण ही माहिती तो बिल आल्यावर देतो, किंवा देतच नाही.

एका रविवारी टेबल वाटून घ्यावं लागलं आणि समोर एक वयस्कर मामा आले. कपाळावर विभूती, हातात रसम-वडा. त्यांनी ही सगळी बखर अक्षरही न बोलता ऐकली. वडा संपला, वाटी चाटूनपुसून झाली. मग स्वच्छ माटुंगेकरी मराठीत म्हणाले, "अच्छा, सांबार तुमचं का? मग बिल पण तुमच्याचकडे देतो." आणि खरोखरच दिलं. पाहुणा आठवडाभर हसत होता.

'बजाव पुंगी, हटाव लुंगी' ही दाक्षिणात्यांविरुद्धची घोषणाही याच शहराने ऐकली, साठच्या दशकाच्या उत्तरार्धात. उडुपी हॉटेलांवर दगड पडले. लेखकाचे काका त्या गर्दीत होते, असं तेच सांगतात. दगड मारला नाही, नुसता घसा बसवला, असंही सांगतात. बसलेल्या घशाला गरम रसम कुठे मिळालं, ते मात्र सांगत नाहीत.

ज्या काचा फुटल्या त्यांच्यामागे मालक क्वचितच उभा असायचा. असायचा तो उडुपी-कुंदापूरकडच्या खेड्यातून कोणाच्या तरी ओळखीने आलेला बारा-तेरा वर्षांचा पोरगा. दिवसभर कपबशा विसळायच्या, रात्री कानडी रात्रशाळेत जाऊन डोळे ताणून बसायचं, परत येऊन हॉटेलातच टेबलं जोडून झोपायचं. मुंबईतल्या या रात्रशाळांतून शिकून कितीतरी जण कारकून झाले, वकील झाले, गल्ल्यावर बसले. आपल्या नोकऱ्या पळवणारा म्हणतात तो हाच. एवढ्या एका विषयावर लेखकाला विनोद सुचत नाही. काकांपुढे हे बोलायची हिंमतही होत नाही. घरात काका म्हणजे अजून काकाच आहेत.

काका आता ऐंशीच्या पुढे आहेत. दातांनी साथ सोडल्यापासून त्यांचा जीव भातावर. मध्यंतरी त्यांनाच हट्ट सुटला, की रामा नायकांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये पानावर जेवायचं. १९४२पासूनची ही खानावळ माटुंगा स्टेशनला लागून मंडईच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. काका दर पाच पायऱ्यांना थांबत, जिन्याला नावं ठेवत चढले. कुपन घेतलं, केळीचं पान आलं, त्यावर काकांनी सवयीने पाणी शिंपडलं. भात वाढायला आलेला मुलगा विशीतला. काकांनी नाव सोडून थेट मुलूख विचारला.

"झारखंड," तो म्हणाला.

काकांनी मान ताठ केली. पुढचं वाक्य कोणतं येणार, हे लेखकाला पाठ होतं. त्याने घाईघाईने पाण्याचा पेला पुढे सरकवला. तेवढ्यात त्या मुलाने भाताच्या ढिगात वाटीच्या बुडाने खळगा केला आणि काठोकाठ रसम ओतलं. रसम पानभर पळायला लागलं. ते चारही बाजूंनी थोपवण्यात काकांचे दोन्ही हात गुंतले आणि तोंड उघडलं, ते घासासाठी.