लाल ठिपक्याचे लाड

न्हाणीघरातला दिवा चुकून चालू राहिला, तर आपल्याकडे अख्ख्या खानदानाचा उद्धार होतो. सेट टॉप बॉक्सला मात्र कुणी हूं की चूं करत नाही. रिमोटनं बंद केला की चित्र जातं, लाल ठिपका उरतो आणि आतली यंत्रणा टक्क जागी. कित्येक जुने डबे ‘बंद’ असतानाही दहाएक वॅट ओढतात; रोजचे वीस तास धरले तर वर्षाला 73 युनिट. युरोपीय संघात 2013 पासून बऱ्याच घरगुती उपकरणांच्या साध्या स्टँडबायला अर्ध्या वॅटची मर्यादा आहे. आपल्याकडे भिंतीवरचं बटण आहे की! ते शोकेसच्या मागे, आणि शोकेस हलवायला चार माणसं. शिवाय बटण दाबलंच, तर सकाळी डबा सुरू होईपर्यंत राशिभविष्य निघून जातं.