बेटकुळीचा गर्व आणि द्रोणागिरीचा धडा

पुरुषाच्या अभिमानाचा बराचसा साठा दंडात असतो. ‘बेटकुळी दाखव’ म्हटलं की लहानपणी बाही वर जाते आणि पन्नाशीतही ती खाली यायचं नाव घेत नाही. माझीही घेत नाही. खरं तर हा अभिमान चुकीच्या पत्त्यावर आहे. कोपर वाकवून ओझं उचलण्याचं मुख्य काम बेटकुळीखाली दडलेला ब्रेकियालिस नावाचा स्नायू करतो, आणि त्याचं कौतुक करायला कुणी बाही वर करत नाही. वर मिरवणाऱ्या बायसेप्सचं खास काम वेगळंच: तळहात आकाशाकडे वळवणं. तीर्थ घ्यायला हात पुढे करणं, उजव्या हातानं स्क्रू आवळणं, ही त्याची कामं. म्हणून माझं म्हणणं असं, की कोपरापाशी बायसेप्सचं टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोर, तुटलं तर ऑपरेशनचा निर्णय आरशाला विचारू नये, आपल्या कामाला विचारावा.

करंजा या मासेमारीच्या गावातल्या माणसाला हे पटायला हरकत नसावी, कारण गावाच्या डोक्यावर द्रोणागिरी उभा आहे. मारुतीराया संजीवनीचा पर्वत घेऊन निघाले, तेव्हा त्याचा एक तुकडा इथं पडला असं लोक सांगतात. कॅलेंडरवरचं चित्र आठवा: कोपर वाकलेला, तळहात वर, त्यावर पर्वत. कोपर वाकवणं आणि तळहात वळवणं, दोन्ही कामं एकाच वेळी, तीही उडता उडता! माझ्या मते या कथेतला खरा धडा ताकदीचा नाहीच. ओझं निसटलं तेव्हा मारुतीरायांनी तुकडा जाऊ दिला आणि दंड शाबूत ठेवला. आपण मात्र जिन्यात फ्रीज घसरला, बंदरावर बर्फासकट माशांचा क्रेट कलंडला, तरी चारचौघांसमोर हात सोडत नाही. वाकलेला कोपर ओझ्याखाली जबरदस्तीनं सरळ होतो, आत ‘कट्’ होतं, कोपराची खळगी काळीनिळी पडते आणि बेटकुळी खांद्याकडे सरकून बसते. बळी जातात ते बहुतेक चाळिशी-पन्नाशीतले पुरुष. सिगारेट ओढणाऱ्यांना धोका आणखी जास्त.

यावर लोक म्हणतात, हात तर चालतोय, मग कापाकापी कशाला? चालतो, कारण तो अनाम ब्रेकियालिस राबत असतो. पण टेंडन तसंच सोडलं तर हात वळवण्याची ताकद साधारण 40 टक्के आणि कोपर वाकवण्याची 30 टक्क्यांच्या आसपास घटते. वय झालेल्या, हलकं काम करणाऱ्या माणसाला तेवढ्यात भागवता येतं आणि त्यानं ऑपरेशन टाळलं तर त्यात गैर काही नाही. मालीश मात्र उपाय नव्हे: तुटून वर गेलेला दोर चोळून खाली येत नाही. तो शोधून खाली ओढावा लागतो, टोकाला टाके घालून हाताच्या हाडाला पाडलेल्या भोकात बसवावा लागतो आणि बऱ्याचदा हाडापलीकडे धातूचं छोटं बटण अडकवून पक्का करावा लागतो. धोके आहेतच. हाताची कातडी काही काळ बधिर राहू शकते. क्वचित बोटं उचलणारी नस दुखावते किंवा नको तिथं हाड वाढतं.

खरा आक्षेप पैशांचा आणि दिवसांचा आहे आणि तिथं विनोद थांबतो. दिवसभर दोर ओढणाऱ्या खलाशाला ‘काही आठवडे वजन उचलू नका, पूर्ण जोर लावायला चार-सहा महिने थांबा’ हे सांगणं सोपं. त्या महिन्यांत घर कोण चालवणार, हे कागदावर कुणी लिहून देत नाही. म्हणून फेब्रुवारीत तुटलेला दंड जून-जुलैच्या मासेमारी बंदीवर ढकलला जातो: ‘पावसाळ्यात बघू.’ टेंडन मात्र बंदीची वाट बघत नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ते सहज जागेवर आणता येतं; पुढं ते आखडतं, चिकटतं आणि दुसरीकडचं टेंडन घेऊन जोड द्यायची वेळ येऊ शकते. तेव्हा ओझं निसटू लागलं तर खुशाल सोडा, आणि ‘कट्’ झालंच तर त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरला हात दाखवा.