फक्त पोट

फक्तपोटे हे आडनाव मतदारयादीत सापडणार नाही, पण प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक ऑफिसात आणि सकाळी सहा वाजता प्रत्येक टेकडीवर एक तरी फक्तपोटे असतातच. वय पंचेचाळीस ते पासष्ट, हातपाय काटकुळे, चेहरा टवटवीत आणि शर्टाचं चौथं बटण कायम अतिरिक्त जबाबदारीवर. त्यांचं गाऱ्हाणं एका वाक्याचं असतं: "बाकी सगळं ओके आहे हो, फक्त पोट कमी करायचंय."

आमच्या सोसायटीतले फक्तपोटे राष्ट्रीयीकृत बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले. राहायला पुण्यात, तळजई टेकडीच्या पायथ्याशी. निरोप समारंभाचे फोटो आले आणि बाजूनं काढलेल्या एका फोटोत त्यांना स्वतःचं पोट प्रथमच दिसलं. आरशात ते कधी दिसलंच नव्हतं, कारण आरशासमोर उभं राहिलं की फक्तपोटे श्वास आत ओढतात. मुद्दाम नाही, वर्षानुवर्षांच्या सरावानं आपोआप. फोटोग्राफरनं "सर, इकडे बघा" म्हटलं तरी पोट आत जातं. त्या दिवशी मात्र शिपाई त्यांना जिलबी भरवत होता, आणि तोंड उघडं असताना पोट आत ओढता येत नाही.

तसा त्यांच्याकडे बचावाचा भक्कम पुरावा होता. "माझी कंबर चौतीस. नोकरीला लागलो तेव्हा चौतीस, आजही चौतीस." आणि हे शब्दशः खरं. टेलरच्या पावत्या आहेत. फरक एवढाच की तेव्हाची पँट बेंबीवर बसायची आणि आताची पोटाला वळसा घालून खालच्या बाजूनं जाते.

त्यांची भाची फिजिओथेरपिस्ट आहे. तिनं फक्तपोटेकाकूंच्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधून टेप काढली, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लावली आणि म्हणाली, "मामा, श्वास सोडा. सोडा. अहो, अजून धरलाय तुम्ही." सोडला. १०३ सेंटिमीटर. भारतीय पुरुषानं ९० च्या आत राहावं आणि बाईनं ८० च्या, हेही तिनं सांगितलं.

"टेप जुनी आहे. कापडी टेप ताणली जाते," फक्तपोटे म्हणाले.

"ताणली गेली असेल तर खरं माप याहून जास्त निघेल, मामा."

बँकेतल्या माणसाला हा हिशेब कळायला वेळ लागला नाही. त्यांनी टेप गुंडाळून परत ड्रॉवरमध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून मोहीम सुरू. बागेत महापालिकेची ओपन जिम आहे. प्रत्येक यंत्रावर, ते कुठल्या माननीयांच्या विकासनिधीतून आलं, हे यंत्र वापरायचं कसं यापेक्षा मोठ्या अक्षरांत लिहिलंय. त्यात एक गोल तबकडी असते. तिच्यावर उभं राहायचं, दांडा धरायचा आणि कंबर डावीकडे-उजवीकडे फिरवायची. दमायला अजिबात होत नाही, बोलता भरपूर येतं, आणि काहीतरी फिरतंय याचं समाधान मिळतं. तबकडीपाशी रोज रांग असते. शेजारचं चालायचं यंत्र मोकळं असतं, त्यावर कुणाचा तरी नॅपकिन वाळत असतो.

खरी साधना घरी. हॉलमध्ये सतरंजी, पायांवर नातू, आणि क्रंचेस. रोज दोनशे. फक्तपोट्यांच्या क्रंचमध्ये हनुवटी छातीला लागते, मान लाल होते, डोळे बाहेर येतात आणि पोट जागचं हलत नाही. मोजायचं काम नातवाकडे. स्कूलबसची वेळ जवळ आली की तो एकेचाळीसवरून थेट साठवर जातो, आणि याबद्दल आजोबांची कधीच तक्रार नसते. शंभरच्या पुढे पोटात आग व्हायला लागली की ते विजयानं ओरडतात, "जळतेय! चरबी जळतेय!" जळत असतो तो बिचारा स्नायू, दमून. चरबी वर निवांत असते.

भाचीनं हे समजावायला त्यांचीच भाषा वापरली. "मामा, तुमच्या बँकेत कोअर बँकिंग यायच्या आधी पैसे कसे मिळायचे?"

"ज्या शाखेत खातं, त्याच शाखेतून."

"आणि नंतर?"

"कुठूनही काढा."

"शरीरात ते जन्मापासून आहे. पोटाच्या स्नायूनं स्लिप भरली म्हणून पोटाच्याच शाखेतून पैसे मिळत नाहीत. गरज पडली की हॉर्मोन्स निरोप धाडतात, अंगभरच्या चरबीतून थोडी थोडी स्निग्धाम्लं रक्तात सुटतात आणि काम करणारा स्नायू ती रक्तातून उचलतो. कुठली शाखा आधी रिकामी करायची ते हेड ऑफिस ठरवतं. वय बघतं, बाई की पुरुष ते बघतं, आईबापांकडून काय आलंय ते बघतं. पोटावरची शाखा आधी बंद होईलच असं नाही."

फक्तपोटे गंभीर झाले. "हेड ऑफिसला अर्ज करता येतो का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण शास्त्रज्ञांनीही तो गांभीर्यानं घेतला होता. १९७१ मध्ये अमेरिकेत टेनिस खेळाडूंचे दोन्ही हात मोजले गेले. खेळायचा हात स्नायूंनी जाड भरला, पण कातडीखालच्या चरबीची जाडी दोन्ही हातांत सारखीच. वर्षानुवर्षं एकाच हातानं चेंडू बडवूनही त्या हातावरची चरबी वेगळी उतरली नव्हती. १९८४ मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात माणसांना २७ दिवसांत एकूण ५००४ सिटअप्स काढायला लावल्या आणि पोट, पाठ व नितंब अशा तीन ठिकाणांहून सुईनं चरबीच्या पेशी काढून तपासल्या. पेशी बारीक झाल्या होत्या, पण तिन्ही ठिकाणी सारख्याच. पोटाला काही खास सवलत नव्हती. मला हा प्रयोग फार आवडतो, तो सुई टोचून घेणाऱ्यांच्या कौतुकापोटी. फक्तपोट्यांना सांगितला तर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "अरे, सत्ताविसाव्या दिवशी थांबवलं त्यांनी. अठ्ठाविसाव्या दिवशी उतरलं असतं."

प्रत्येक माहितीतून आपल्या सोयीचा तुकडा उचलणं, ही फक्तपोट्यांची खासियत. केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, म्हणजे आमच्या रास्ता पेठेतल्या केईएमचे, यांचा २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला फोटो कुणीतरी त्यांना दाखवला. शेजारी ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी एकच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळंसुद्धा जन्मतः किडकिडीत असतात, आणि तरी त्या मानानं अंगात चरबी राखून असतात, हे याज्ञिकांच्या चमूनं मोजून दाखवलं. यातून घ्यायचं ते असं, की आपल्याकडे काटकुळ्या माणसाच्याही पोटात आतड्यांभोवती चरबी साठते, चिमटीत न येणारी ही चरबीच मधुमेहाला आवतण देते, म्हणून आपण जास्त जपायला हवं. फक्तपोट्यांनी घेतलं ते असं: "बघ, जेनेटिक आहे. आपला काही दोष नाही." आणि त्या संध्याकाळी बाकरवडीचा डबा निर्धास्तपणे उघडला.

श्वासाचंही तेच झालं. दहा किलो चरबी पूर्ण जळली तर त्यातले ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन नाकातोंडावाटे जातात आणि उरलेलं पाणी होतं, असा हिशेब २०१४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला होता. चरबी श्वासावाटे जाते एवढंच फक्तपोट्यांनी ऐकलं आणि सोफ्यावर बसल्या बसल्या ते जोरजोरात उच्छ्वास टाकू लागले. आधी ती जळावी लागते, हा भाग त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. काकूंनी दोन मिनिटं पाहिलं आणि "अहो, चक्कर येईल" म्हणून पंखा लावला.

यंत्रांबद्दल थोडक्यात. एक स्प्रिंगचा टमी ट्रिमर, जो पायातून सुटून थेट हनुवटीवर आला. एक घाम काढणारा पट्टा, ज्यानं वजन अर्धा किलो उतरतं आणि दोन पेले पाणी प्यालं की परत येतं. एक चाक, जे पहिल्याच दिवशी पुढे गेलं आणि फक्तपोटेही त्याच्यामागोमाग सतरंजीवर आडवे झाले. आता नातू ते गाडी म्हणून चालवतो.

खाण्याचा विषय काढला की ते दुखावतात. "मी खातो कुठे?" खरंच, जेवायला बसले की ते दोनच पोळ्या घेतात. जेवायला न बसता जे जातं ते त्यांच्या लेखी खाणं नव्हे. नातवाच्या ताटातला उरलेला वरणभात, कारण अन्न टाकू नये. चहाबरोबर चकली, कारण नुसता चहा पित्त करतो. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, दाण्याच्या कुटासकट, कारण उपास हलका असावा. पुण्यातली घरं सध्या दोन पंथांत वाटली गेली आहेत. एक डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा, दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांत जेवण आटपणाऱ्यांचा, आणि दुसरा ऋजुता दिवेकरांचं ऐकून तूपभात न सोडणाऱ्यांचा. फक्तपोटे सर्वधर्मसमभावी. पहिल्या पंथाची ५५ मिनिटं ते पुरेपूर वापरतात आणि त्यात दुसऱ्या पंथाचं तूप घेतात. तळजईवरून उतरताना दुधी-कारल्याचा रस, आणि त्या रसानं तोंड कडू झालं म्हणून वडापाव. दोनशे क्रंचेसना फार तर ४०-५० कॅलरी लागतात. वडापावात तीनशेच्या आसपास असतात. एक किलो चरबी म्हणजे ७७०० च्या घरात. आयुष्यभर ताळेबंद जुळवलेल्या माणसाला ही बेरीज-वजाबाकी सांगायची वेळ यावी, याचं मला वाईट वाटतं.

एक गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगायला हवी. क्रंचेस आणि भाचीनं शिकवलेलं प्लँक यांनी त्यांची कंबर धरायची थांबली. सिलिंडर ओढताना पूर्वी "आई गं" व्हायचं, ते आता होत नाही. चरबीच्या खाली स्नायू चांगला घडलाय. तो दिसत नाही, एवढंच त्यांचं दुःख.

आणि मग खरोखर वजन उतरलं. व्यायामानं नव्हे. काकू मुलीच्या बाळंतपणासाठी बंगळुरूला गेल्या, नातूही आईवडिलांबरोबर निघाला, आणि फक्तपोट्यांना डबा लागला. डब्यात तीन पोळ्या, भाजी, आमटी, भात. वाढून घ्यायला मागे पातेलं नाही. चकल्यांचा डबा कुठे असतो ते त्यांना माहीत नव्हतं. उरलेला वरणभात नव्हता, कारण उरवणारा गेला होता. त्यातच सोसायटीची लिफ्ट बिघडली आणि दुरुस्तीचा ठराव तीन सभांत अडकला. चौथा मजला, दिवसातून चार खेपा. करमेना म्हणून संध्याकाळी पुन्हा तळजई. काकू परतल्या तेव्हा पाच किलो गेले होते. भाचीनं टेप लावली: ९८. तिनं टाळ्या वाजवल्या. आतली चरबी आधी हलते, हेच महत्त्वाचं, असंच चालू ठेवा, नव्वदपर्यंत जाऊ, असं बरंच काही ती बोलली.

फक्तपोटे मात्र खिन्न होते. पोट वरून बघितलं तर त्यांना तसंच दिसत होतं. उतरला होता तो चेहरा. गाल बसले, मान सैल झाली. जिन्यात, बँकेत, दुधाच्या केंद्रावर जो भेटेल तो आवाज खाली आणून विचारायचा, "बरं नव्हतं का? रिपोर्ट काय म्हणतात?" एका जुन्या सहकाऱ्यानं तर नॉमिनेशन वगैरे सगळं नीट आहे ना, अशी चौकशी केली.

"वजन उतरलं," ते मला म्हणाले, "पण चुकीच्या ठिकाणचं."

परवा पाडव्याला त्यांच्याकडे जेवायला होतो. काकूंनी श्रीखंड वाढलं. फक्तपोट्यांनी वाटी संपवली आणि पुन्हा पुढे केली. काकू नुसत्या बघत राहिल्या.

"पोटासाठी नाही," फक्तपोटे म्हणाले. "गालांसाठी घेतोय."