कॉपीमुक्त महाराष्ट्र

दहावी-बारावीच्या परीक्षा आल्या की आपल्याकडे कॉपीमुक्त अभियान निघतं. भरारी पथकं धावतात, बैठी पथकं बसतात, आणि तरीही एखादा हौशी मामा पाइपावरून चढून खिडकीतून चिठ्ठी टाकतोच. शिक्षण खात्याने उगाच पेट्रोल जाळू नये. सरकारी पीडीएफ कशी बनते, एवढं शिकून घ्यावं. तिथे ना पथक, ना पोलीस. पण मराठीची एक ओळ धडपणे उचलून दाखवा!

समजा, एखाद्या परिपत्रकातली अट तुम्हाला अर्जात उतरवायची आहे. पडद्यावर मजकूर कसा लख्ख दिसतोय. ‘दिनांक’ निवडला, कॉपी केला, पेस्ट केला. उमटतं काय? एफ, एन, यू, के, ए, डी. ‘भारत’ उचलावा तर एच, के, के, जे, आर. ही कृतिदेव फाँटची कृपा. अशा जुन्या फाँटांत संगणकाच्या लेखी असतात ती रोमन अक्षरंच. अंगावर फक्त देवनागरी अंगरखा. कॉपी करताना अंगरखा तिथेच राहतो आणि आतला साहेब तेवढा तुमच्या हाती लागतो.

यावर उपाय नव्हता असं नाही. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे भारतीय मानक १९९१ सालचं. देवनागरीला जागा देणारी युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१चीच. त्या साली जन्मलेली मुलं आता स्वतःच्या पोरांच्या शाळाप्रवेशासाठी रांगेत उभी आहेत. त्या प्रवेशाचं सूचनापत्रक मात्र अजून टाइपरायटरच्या कळपाटावर बडवलेलं असतं, कारण कचेरीतल्या भाऊसाहेबांची बोटं त्यालाच सरावलेली.

बरं, युनिकोड वापरला म्हणजे सुटलो, असंही नाही. १९९३ साली पीडीएफ आली ती पान सगळीकडे एकसारखं दिसावं म्हणून. तिला आकार कळतो आणि आकाराची जागा कळते. कोणता आकार म्हणजे कोणतं अक्षर, हे सांगणारा तक्ता फाईलमध्ये वेगळा ठेवावा लागतो. तो नसला किंवा चुकला की संपलं. त्यात आपली ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी आणि साठवली जाते नंतर. रफार तर शेजाऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसतो. मग ‘शासन निर्णय’ उचलावा तर ‘शासन वनणणय’ पदरात पडतो. निर्णयातला रफार कोणत्या टेबलावर अडकला, याची चौकशी पुढच्या आठवड्यात करा, साहेब दौऱ्यावर आहेत.

तिसरा प्रकार माझ्या खास आवडीचा. पत्र संगणकावर टाइप करायचं, छापायचं, सही घ्यायची, शिक्का मारायचा (तो नेमका रकमेवर), आणि मग तो कागद तिरका ठेवून स्कॅन करायचा. फाईलमध्ये आता अक्षर एकही नाही, निव्वळ फोटो. याला डिजिटल कामकाज म्हणतात.

काही उत्साही मंडळी त्यावर कुलूपही लावतात. पीडीएफला पासवर्ड दोन तऱ्हांचे असतात: एक उघडण्याचा, दुसरा कॉपी-छपाई रोखण्याचा. दुसऱ्या बंदीचं पालन मुख्यतः वाचक-सॉफ्टवेअरच्या सौजन्यावर चालतं. ‘सर्व संबंधितांच्या निदर्शनास आणावे’ असं लिहिलेल्या कागदाला कॉपीबंदी करणाऱ्याच्या मनात नेमकं काय असतं, हे कोणी विचारलेलं ऐकिवात नाही.

तर हताश नागरिकहो, आधी फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये फाँटांची यादी बघा. ती रिकामी असेल तर तो स्कॅन आहे, ओसीआर (म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) लावा. टेसरॅक्ट फुकट मिळतं आणि त्याला मराठी येतं. गूगल ड्राइव्हमध्ये फाईल चढवून डॉक्समध्ये उघडली तरी बरंच काम होतं. यादीत कृतिदेव किंवा श्रीलिपीचा फाँट असेल तर त्या-त्या फाँटचा कन्व्हर्टर शोधा. मंगलसारखा युनिकोड फाँट असूनही ‘वनणणय’च येत असेल, तर पुन्हा ओसीआरच. म्हणजे संगणकावर टाइप केलेली अक्षरं संगणकाकडूनच चित्र म्हणून वाचून घ्यायची! नंतर घ-ध, भ-म आणि विशेषतः १ आणि ९ नजरेखालून घाला. गट नंबर चुकला तर जमीन दुसऱ्याची होते.

पण अर्जदाराचा एक तास गेला, एवढ्यावर हे भागत नाही. जे कॉपी होत नाही ते शोधलंही जात नाही. शंभर पानांच्या फाईलमध्ये ‘अनुदान’ शोधा, उत्तर येतं: सापडले नाही. (हे मात्र खरं असण्याची शक्यता असते.) अंध माणसाचा स्क्रीन रीडर त्याच फाईलसमोर एफ-एन-यू-के बडबडतो किंवा गप्प बसतो. माहितीचा अधिकार कायदा २००५चा. त्याचं कलम ४ म्हणतं, माहिती लोकांना सहज मिळेल अशा रूपात द्या. ३ ऑक्टोबर २०२४ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात दर्जाही दिला. आता तिला मजकुराचा दर्जाही द्यावा.

भाऊसाहेब, एवढंच करा: पत्र युनिकोडमध्ये टाइप करा, आणि पीडीएफ संकेतस्थळावर चढवण्याआधी त्यातली एक ओळ उचलून नोटपॅडमध्ये टाकून बघा. तुम्हाला ती वाचता आली नाही, तर आम्हालाही येणार नाही. तेव्हा सोबत वर्डची मूळ फाईलही ठेवा.